हळद्याचा घास

आमच्या घरची चंपाषष्ठी पंचांगात सापडत नाही. पंचांगातली षष्ठी येते आणि जाते, आम्ही त्या दिवशी साधी मेथीची भाजी खातो. आमची षष्ठी नाताळच्या सुट्टीतल्या रविवारी. हा कायदा माझ्या सासऱ्यांनी केला. पोरं नोकरीला लागली, कोणी वाळूजला, कोणी पुण्याला, आणि षष्ठीची रजा कोणालाच मिळेना. तेव्हा सासरे म्हणाले, ज्या दिवशी सगळं घर एका पंगतीत बसेल ती आपली षष्ठी, खंडोबाला मी सांगतो. त्यांनी सांगितलं असणार, कारण देवाकडून आजवर काही तक्रार आलेली नाही.

आषाढात बंद केलेलं वांगं आमच्याकडे त्या रविवारी सुटतं. भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य करायचा, तळी उचलायची, भंडारा उधळायचा आणि पहिला घास कुत्र्याला द्यायचा. कुत्रं हे खंडोबाचं जनावर, ते जेवल्याशिवाय पंगत बसत नाही. इथवर सगळ्यांकडे थोडंफार सारखंच. आमच्या भावकीत एक गोष्ट जास्तीची आहे. ज्या वर्षी घरात नवी सून आली असेल त्या वर्षी तो घास तिने आपल्या हाताने भरवायचा. कुत्र्याने घेतला की सून देवाला पसंत पडली.

नाही घेतला तर तोंडावर कोणी काही बोलत नाही. पण माझ्या एका चुलत जावेचा घास कुत्र्याने नुसता हुंगून सोडला होता. तिला आता नातवंडं झाली, तरी लग्नाकार्यात तिची ओळख ‘ती, घास न घेतलेली’ अशीच करून देतात. माझी थोरली जाऊ आवडाबाई, तिच्या वेळी कुत्र्याने घासाबरोबर बोटही धरलं होतं. त्याचा वण ती अजून अंगठी दाखवावी तसा दाखवते. माझ्या वेळचं मी आपण होऊन सांगत नाही. पण विचारलंच कोणी तर सांगते, की कुत्र्याने माझा घास अलगद जिभेने उचलला, बोटाला ओलसुद्धा लागली नाही.

ज्या सालचं सांगते आहे ते दुष्काळाचं दुसरं साल होतं. हर्सूलचा तलाव इतका आटला होता की पोरं त्याच्या पोटात क्रिकेट खेळायची. आमचं शेत हर्सूलच्या पुढे, फर्दापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. दोन्ही बाजूंच्या शेतांत तोवर प्लॉट पडले होते, पांढरे दगड रांगेने उभे आणि मधोमध ‘गुलमोहर व्हॅली’ अशी पाटी. गुलमोहर औषधाला नव्हता. आमचा तुकडा तेवढा अजून शेत म्हणवून घ्यायचा. विहिरीत पाणी नाही, पण मी मोरीचं पाणी वाफ्यात वळवून वांगी जगवली होती, आणि खोलगट कोपऱ्यात हुरड्यापुरती ज्वारी उभी होती. शहरात आठ-आठ दिवस नळ कोरडे, आणि माझ्या दारात वांगी. एवढा तोरा मी मिरवला तर कोणाच्या पोटात का दुखावं.

त्याच साली वैशाखात आमच्या सोमनाथचं लग्न झालं. सून मोनिका. सिडकोत वाढलेली, शाळेत विज्ञान शिकवते. बोलायला हळू, कामाला चटपटीत, दिसायला म्हणाल तर आमच्या सगळ्या भावकीत उजवी. एकच खोट होती. तिला कुत्र्याची भीती. लहानपणी शिकवणीहून येताना गल्लीतली कुत्री मागे लागली होती, पोटरीला अजून खूण आहे. ती शेतावर आली की आम्ही कुत्रं बांधून ठेवायचो.

आणि आमचं कुत्रं म्हणजे हळद्या. रंग हळदीचा म्हणून नाव हळद्या. कान उभे, छाती भरदार, एकदा भुंकला की रस्त्यावरचा मोटारसायकलवाला गाडी हळू करतो. त्याच्याआधीची दोन कुत्री आम्ही विषापायी गमावली होती. दुष्काळात डोंगरातली रानडुकरं खाली उतरतात, आणि कोणीतरी त्यांच्यासाठी कणकेच्या गोळ्यात विष कालवून बांधावर ठेवतं. डुक्कर हुशार, ते खात नाही. कुत्रं खातं. दुसरं कुत्रं गेलं तेव्हा हे, म्हणजे आमचे मालक कडुबा, दोन दिवस जेवले नाहीत. मग हळद्याला आणलं, आणि त्याला पहिल्या महिन्यापासून एकच शिकवण दिली. जमिनीवरचं खायचं नाही आणि कोणाच्या हातचं खायचं नाही. पुढे पातेलं भरून ठेवलं तरी हे जवळ येऊन काहीतरी एक शब्द पुटपुटल्याशिवाय तोंड लावायचं नाही.

तो शब्द काय, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. म्हणायचे, “शब्द चार जणांला कळला की त्यो शब्द ऱ्हात नाय.” मलासुद्धा नाही. भाकरी थापायची मी, दूध घालायचं मी, आणि हा गडी माझ्या तोंडाकडे बघत लाळ गाळत बसणार, मालक येईपर्यंत. मला ह्या गोष्टीचा जेवढा राग यायचा तेवढंच कौतुकही वाटायचं, आणि कौतुक दिसू नये म्हणून मी राग जास्त करायची.

एकीकडे कुत्र्याला असं तयार केलं आणि दुसरीकडे मुलाचं लग्न लावलं. पण येत्या षष्ठीला ह्याच कुत्र्याने नव्या सुनेच्या हातचं खायचं आहे, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन मोनिका दारात उभी होती, हळद्या खुंट्याला, आणि त्याने तिच्याकडे पाहून मान फिरवली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

मी ह्यांना त्याच दिवशी म्हटलं, “तिला शब्द सांगून टाका.”

“नाय.”

“घरची सून हाये ती.”

“घरची हाये, पण लई नवी हाये. उद्या सोमनाथला सांगंल, सोमनाथ दोस्ताला. मग कुत्रं कशाला पाळायचं?” हे म्हणाले. मग माझा चेहरा बघून थोडे नरमले. “त्या दिवशी मी तिच्या मागं उभा ऱ्हातो. घास पुढं केला की हळूच शब्द टाकतो. कोणाला कळतंय?”

पण मला खात्री वाटेना. आवडाबाईचे कान फार तिखट. म्हणून मी ठरवलं, सुट्टीत चार दिवस आधी पोरीला बोलवायचं आणि कुत्र्याची आणि तिची गट्टी करून द्यायची. एकदा हळद्या तिच्या हातचं खायला लागला की शब्दाची गरजच काय.

नाताळाच्या आदल्या दिवशी दोघं आली. थंडी अशी की सकाळी बोटं भाकरीच्या पिठात घातल्यावर बरं वाटावं. सोमनाथ आला तो शेकोटीपाशी गोधडी घेऊन बसला, तो सुट्टी संपेपर्यंत उठला नाही म्हटलं तरी चालेल. मोनिकाला मी सगळं सांगितलं. घास काय, रीत काय, चुलत जावेला काय म्हणतात, सगळं. ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, “आत्या, मी प्रयत्न करते. पण आधी मला त्याच्याजवळ उभं राहता तर यायला पाहिजे.”

पहिल्या दिवशी ती खुंट्यापासून लांब खाटेवर बसली आणि हळद्याला नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी खाट थोडी पुढे ओढली. दुपारी ह्यांनी त्याला सोडलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते, पण पाय हलला नाही. हळद्या आला, तिच्या चपला हुंगल्या, पोटरीवरची ती खूण हुंगली, आणि तिच्या सावलीत बसला. तिने डोळे मिटून त्याच्या डोक्यावर बोट टेकवलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. माझी भाकरी तव्यावर करपली, तरी मला सून दिसत होती, भाकरी दिसत नव्हती.

त्यानंतर सकाळी फिरायला जायचं सुरू झालं. पुढे हे काठी घेऊन, मध्ये हळद्या, मागे डोक्याला मफलर गुंडाळून मोनिका. तलावाच्या कोरड्या पोटातून पार पलीकडच्या टेकडीपर्यंत जायचे. येताना तिच्या ओढणीला कुसळं, गालांवर ऊन, आणि तोंडात सारखं मामांनी हे दाखवलं आणि मामांनी ते दाखवलं. ह्यांना मी इतकं बोलताना आमच्या लग्नात पाहिलं नव्हतं. एका सकाळी मात्र तिघं गप्प आली. मोनिका चुलीपाशी माझ्याजवळ बसली.

“आत्या, नाल्याच्या कडेला पळसाच्या पानात कणकेचा गोळा होता,” ती म्हणाली. “हळद्या सगळ्यांत पुढे होता. त्याने वास घेतला, मागे सरला आणि तिथेच बसला. मामा पोचेपर्यंत हलला नाही. भूक लागली होती त्याला, आत्या. लाळ गळत होती. तरी नाही हलला.”

“मग? काय केलं?”

“मामांनी खड्डा केला, गोळा पुरला, वर दगड ठेवला. आणि मग त्याच्या गळ्यात हात टाकून बसले.”

“चांगलं झालं,” मी म्हटलं, आणि माझ्या कामाचं बोलले. तूप-गुळात कुस्करलेली भाकरी मी वाटीत काढून ठेवली होती. हे पाण्याच्या टँकरची वाट बघायला रस्त्यावर जाणार होते. “त्ये गेले की हळद्याच्या तोंडाशी धर. एकदा नाय खाणार, दोनदा नाय खाणार, तिसऱ्यांदा तुपापुढं कोण टिकतंय?”

मोनिकाने वाटी हातात घेतली. मग परत चुलीशेजारी ठेवली.

“मी नाही देणार, आत्या.”

“भ्या वाटतंय अजून?”

“भीती नाही. पण—”

“कारणं नकोत मला,” मी म्हटलं. “परवा रविवार हाये. समदी भावकी येणार. तुला काय म्हणतील ते तुला ऐकायचंय, मला बी ऐकायचंय.” मी तडक उठून वांग्याच्या वाफ्यात गेले आणि चांगल्या वांग्यांबरोबर दोन कोवळी पण तोडून बसले, इतका राग आला होता. तिला बोलू दिलं असतं तर रविवारी मला एवढा धक्का बसला नसता. पण मग रविवारची मजाही गेली असती.

रविवारी सकाळी थोरले दीर नानासाहेब जीप घेऊन आले. बरोबर आवडाबाई, लेकी, जावई, नातवंडं, आणि आवडाबाईच्या मांडीवर त्यांचं कुत्रं. टफी नाव. पांढरं, केसाळ, लोकरीच्या गुंड्याएवढं, अंगात लाल स्वेटर. खाली उतरताच त्याने एकाकडून बिस्कीट घेतलं, दुसऱ्याकडून हुरडा, आणि सोमनाथच्या हातची चहात बुडवलेली खारी. हळद्याने हे सगळं बसून पाहिलं.

“आमची टफी लई माणसाळलेली हाये,” आवडाबाई म्हणाली. “कोणाच्या बी हातचं खाती. तुमचा त्यो अजून तसाच का? ऐकलंय म्या, तुझ्या हातचं बी नाय खात.” आणि मोनिकाला जवळ घेऊन, आवाज माझ्यापर्यंत पोचेल असा ठेवून म्हणाली, “भिऊ नको गं पोरी. नायच घेतला त्यानं तर आमच्या टफीला भरव. कुत्र्याला कुत्रं. काय बिघडतंय?”

जावेच्या कुत्र्यावर माझ्या सुनेची अब्रू राखायची. मी रोडगे निखाऱ्यातून काढत होते, एक हातातच ठेचला गेला.

दुपारी अंगण सारवून पाट मांडला. तळी उचलली, येळकोट झाला, भंडारा उडाला, माणसं आणि गोठा आणि जीपचं बॉनेट सगळं पिवळं झालं. हळद्या तर मुळातच पिवळा, तो आणखी पिवळा झाला. भरिताचा वास सुटला होता, पोरं भुकेने कळवळली होती, आणि सगळी भावकी गोल करून उभी राहिली. मोनिकाने पदर खोचला, तूप लावलेल्या रोडग्याचा तुकडा भरितात बुडवला आणि हळद्यासमोर गुडघे टेकून बसली. कुत्र्याच्या तोंडाशी तोंड होतं तिचं. जी पोरगी चार दिवसांपूर्वी खुंट्याजवळून जात नव्हती ती. हे दोन पावलं पुढे सरकून तिच्या पाठीशी उभे राहिले. मी देवाला म्हटलं, आता ह्यांचे ओठ हलू देत आणि आवडाबाईचं लक्ष दुसरीकडे जाऊ दे.

मोनिकाने मागे वळून वर पाहिलं.

“मामा, तुम्ही काही बोलू नका,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ह्यांचे ओठ मिटले. 

तिने घास पुढे केला. हळद्याने नाक जवळ आणलं. वास घेतला. तिच्या तोंडाकडे पाहिलं, घासाकडे पाहिलं, आणि मान बाजूला फिरवून बसून राहिला. लाळ जमिनीवर टपकत होती. कोणीतरी चुकचुकलं. आवडाबाईने टफीला कडेवरून खाली सोडलं.

मोनिका उठली. मला वाटलं रडणार. तिने घास तसाच उंच धरला, वर्गात मुलांना काही दाखवावं तसा.

“बघितलंत?” ती म्हणाली. “तूप आहे, भरीत आहे, सकाळपासून उपाशी आहे, आणि मी चार दिवस त्याच्याबरोबर हिंडले आहे. तरी माझ्या हातचं खात नाही. शुक्रवारी नाल्याजवळ विषाचा गोळा होता. तोही नाही खाल्ला. म्हणून आज इथं जिवंत बसलाय. मला चार दिवसांत त्याला फितवता आलं असतं. आज माझा मान राहिला असता. पण माझ्या हातचं खायला शिकला की तो उद्या दुसऱ्याच्या हातचं खाईल, आणि परवा जमिनीवरचं. मामांनी त्याला जे शिकवलंय ते मी मोडणार नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा.”

 पोरांचीही कुरकुर थांबली. टफी तेवढी मोनिकाच्या हाताकडे उड्या मारत होती, तिला कोणी विचारत नव्हतं.

नानासाहेब पुढे आले. भावकीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मोनिकाच्या हातातला घास घेतला आणि स्वतः हळद्यासमोर धरला. हळद्याने मान दुसरीकडे फिरवली. “आसं व्हय,” नानासाहेब म्हणाले. त्यांनी घास आवडाबाईकडे दिला. “तू बघ. तुझ्यावर तर कुत्र्यांचा लई जीव.” आवडाबाईने धरला. नाही घेतला. मग सोमनाथ पुढे झाला, मग जावई, मग लेकी, मग पोरांनी रांगच लावली. हळद्या एकेकाला मान फिरवून दाखवत होता आणि अंगण हसत होतं. देवाला नापसंत म्हणायचं तर सगळी भावकीच नापसंत निघाली होती.

“कडुबा,” नानासाहेब शेवटी डोळे पुसत म्हणाले, “कुत्रं असं आख्ख्या शिवारात नाय. पण नैवेद्याचं काय? सुनंचा घास हाये. तिच्या हातानंच जायला पायजे.”

 हे मोनिकापाशी गेले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि सगळ्या भावकीसमोर, माझ्यासमोर, वाकून सुनेच्या कानात तो शब्द सांगितला.

मोनिकाचे डोळे भरून आले. तिने नवा घास केला, पुन्हा गुडघे टेकले. हे हळद्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. तिचे ओठ किंचित हलले. हळद्याने ह्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि घास जिभेने असा अलगद उचलला की तिच्या बोटावरचा भंडारासुद्धा पुसला गेला नाही.

येळकोट झाला तो पार गुलमोहर व्हॅलीच्या पाटीपर्यंत ऐकू गेला असेल. पंगत बसली. मी वाढत होते आणि प्रत्येकाच्या पानापाशी थांबून, कोणी विचारलं नसताना, आमच्या सुनेने कुत्र्याच्या भीतीवर कशी मात केली ते सांगत होते. आवडाबाईच्या पानाशी जरा जास्त थांबले.

ऊन कलल्यावर बायका हुरड्याच्या आगटीभोवती बसल्या. आवडाबाई माझ्या शेजारी होती. मी मोनिकाला हाक मारून जवळ बसवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, “काय गं, शब्द काय हाये त्यो?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं कणीस आगटीत सरकवत, अगदी ह्यांच्या बोलीत म्हणाली, “नाय, आत्या. शब्द चार जणांला कळला की त्यो शब्द ऱ्हात नाय.”

तीस वर्षं ह्या माणसाचा संसार केला मी. भाकरी माझी, वांगी माझी, सून मी शोधून आणलेली. मला भयंकर राग आला. मग मी आवडाबाईला कोपराने ढोसलं.

“बघितलं?” मी म्हटलं. “मला बी सांगत नाय.”